हलक्या वजनाच्या विशेष आवृत्तीचा अंदाज कसा बांधावा

मधोमध इंजिन असलेली एखादी स्पोर्ट्स कार बाजारात येऊन दोन-तीन वर्षे झाली की तिची कमी वजनाची, मोजक्या सोयींची आणि थोड्या अधिक ताकदीची विशेष आवृत्ती कधी येणार, याची चर्चा सुरू होते. छत्रपती संभाजीनगरात या चर्चेला माणसे कमी पडत नाहीत. वाळूज आणि चिकलठाण्याच्या वसाहतींत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे आणि शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा-ऑडीची जुळणी जवळून पाहिलेले अनेक जण इथे आहेत, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये एका दमात दीडशे मर्सिडीज घेणारे शहरही हेच आहे. तरीही इथले बहुतेक अंदाज अश्वशक्तीपासून सुरू होतात आणि तिथेच भरकटतात. माझ्या मते सुरुवात किलोपासून करावी, कारण ताकद पुष्कळदा इंजिनाच्या नव्या ट्यूनिंगने वाढवता येते, पण वजन एकेका भागातून वेगळे काढावे लागते आणि त्याचा जमाखर्च आपल्यालाही घरबसल्या मांडता येतो.

आधी कोणत्या वजनाबद्दल बोलत आहोत, हे ठरवून घ्यावे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा कट्टा काट्यावर चढतो, तेव्हा बारदान वजा केल्याशिवाय शेतकऱ्याची पट्टी होत नाही. गाड्यांच्या माहितीपत्रकात मात्र हे बारदान कधी वजा केलेले असते, कधी नसते. इटालियन कंपन्या बहुधा ‘ड्राय वेट’ सांगतात, म्हणजे पेट्रोल, ऑइल आणि कूलंट यांच्याविना भरणारे वजन. जर्मन पद्धतीच्या कर्ब वेटमध्ये हे सर्व द्रव आणि ९० टक्के भरलेली टाकी धरतात, तर युरोपीय संघाच्या पद्धतीत त्यावर चालक आणि सामान मिळून ७५ किलो आणखी चढतात. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे ६४ लिटरच्या भरल्या टाकीचेच सुमारे ४८ किलो होतात. एका गाडीचे ड्राय वेट आणि दुसरीचे कर्ब वेट शेजारी ठेवले, तर विशेष आवृत्तीत होणाऱ्या सगळ्या बचतीपेक्षा मोठा फरक कागदावरच तयार होतो. शिवाय काही कंपन्या जाहीर करतात ते वजन सर्व हलके पर्यायी भाग बसवलेल्या गाडीचे असते, त्यामुळे तळटीप वाचल्याखेरीज आकडा वहीत उतरवू नये.

त्यानंतर त्या कंपनीच्या घराण्याची आधीच्या विशेष आवृत्त्यांतून दिसणारी सवय पाहावी. फेरारीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ३६० मोडेना १९९९ मध्ये आली आणि तिची विशेष आवृत्ती चॅलेंज स्ट्रादाले २००३ मध्ये. एफ४३० २००४ मध्ये आणि ४३० स्कुडेरिया २००७ मध्ये. ४५८ इटालिया २००९ मध्ये आणि स्पेचाले २०१३ मध्ये. ४८८ जीटीबी २०१५ मध्ये आणि पिस्टा २०१८ मध्ये. २९६ जीटीबी २०२१ मध्ये आणि २९६ स्पेचाले २०२५ मध्ये. अंतर प्रत्येक वेळी तीन किंवा चार वर्षांचे आहे. कंपनीने सांगितलेली वजनातील घट अनुक्रमे ११०, १००, ९०, ९० आणि ६० किलो अशी उतरत गेली, तर वाढलेली ताकद २५, २०, ३५, ५० आणि ५० अश्वशक्ती अशी, एक अपवाद सोडल्यास, चढत गेली. याचा अर्थ उघड आहे: मूळ गाडीतच ॲल्युमिनियम, कार्बन फायबर आणि सिरॅमिक ब्रेक येऊ लागल्याने सहज काढता येणारे किलो संपत आले आहेत, आणि ती उणीव कंपनी ताकदीने भरून काढते. तेव्हा आजच्या गाडीतून शंभर किलो कमी होतील, असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर कोणत्या भागातून, असे त्याला विचारावे. हीच सवय सर्वांना लागू पडते असे मात्र नाही. मॅक्लारेनने २०१४ च्या ६५०एस वरून अवघ्या वर्षभरात, २०१५ मध्ये, शंभर किलोने हलकी ६७५एलटी काढली होती.

हे किलो नेमके कुठून येतात, हे समजून घ्यायला पोर्शेची केमन आर ही उत्तम शाळा आहे. २०१० च्या लॉस एंजेलिस प्रदर्शनात आलेली ही गाडी केमन एस पेक्षा ५५ किलोने हलकी आणि जेमतेम १० अश्वशक्तीने ताकदवान होती. तिच्यात ॲल्युमिनियमच्या दारांनी १५ किलो वाचवले, कार्बनच्या बकेट सीटांनी सुमारे १२, एसी काढून टाकल्याने आणखी १२, आणि रेडिओच्या जागी रिकामा कप्पा ठेवल्याने थोडे. दार उघडायला आतून नेहमीची मूठ नाही, तिथे कापडी पट्टा लोंबतो; तो ओढला की दार उघडते. त्या पट्ट्याने वाचणारे वजन नगण्य आहे, तो खरे तर खरेदीदाराला दिलेला एक इशारा आहे, आणि अंदाज बांधणाऱ्याने अशा दिखाऊ बदलांना किलोच्या रकान्यात जागा देऊ नये. एसीचे १२ किलो मात्र खरे आहेत, जरी मागणी केल्यास तो परत बसवून मिळत असे. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात एसी नसलेल्या गाडीत बसून हलकेपणाचे गोडवे गाणारा मला अजून भेटायचा आहे.

भागांची यादी करताना दोन पथ्ये पाळावीत. मूळ गाडीत आधीच असलेली वस्तू पुन्हा मोजू नये. सिरॅमिक ब्रेकची चकती बिडाच्या चकतीच्या निम्म्याच्या आसपास वजनाची असते, पण फेरारीच्या मूळ गाड्यांतच ती असल्याने तिथे त्या रकान्यात शून्य येते. दुसरे म्हणजे, किलो कुठल्या जागेवरून गेला, याची नोंद ठेवावी. चाके आणि ब्रेक यांचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणून तिथला एक किलो रस्त्यावरच्या पकडीत जास्त जाणवतो. इंजिनावरची मागची काच पॉलीकार्बोनेटची केली, जशी २००७ च्या लॅम्बोर्गिनी गॅलार्डो सुपरलेजेरात होती, तर वजन उंचावरून आणि मागून एकदमच उतरते. कंपन्यांचे अभियंते बहुधा याच जागा आधी धरतात.

हायब्रिड गाड्यांनी हा हिशोब अवघड केला आहे. बॅटरी आणि विद्युत मोटार काढून टाकली की गाडी हलकी होईल, हा तर्क ऐकायला सोपा वाटतो, पण फेरारी एसएफ९० मध्ये रिव्हर्स गिअरच नाही. गाडी मागे घेण्याचे काम पुढच्या विद्युत मोटारी करतात. उत्सर्जनाचे नियम हे आणखी एक बंधन आहे. २९६ स्पेचालेनेही आपली प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड यंत्रणा कायम ठेवली, हे या बाबतीतले सर्वांत ठोस उत्तर होय.

झाकलेल्या चाचणी गाड्यांची छायाचित्रे पाहताना काय वाचावे आणि काय सोडून द्यावे, हेही ठरलेले असावे. खिडकीतून दिसणारी लोखंडी रोल केज, म्हणजे नळ्यांचा संरक्षक पिंजरा, पुष्कळदा केवळ चाचणी चालकाच्या सुरक्षेसाठी असते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. याउलट मागच्या छोट्या काचेच्या जागी हवा घेणारी जाळी दिसली, तर ती गंभीर खूण आहे; ७१८ केमन जीटी४ आरएस २०२१ मध्ये आली, ती नेमकी तशीच. काचेवर चिकटवलेला पिवळा गोल स्टिकर हे गाडीत उच्च दाबाची विद्युत यंत्रणा असल्याचे चिन्ह असते.

आता हे सारे लॅम्बोर्गिनी टेमेरारिओला लावून पाहू. ही गाडी ऑगस्ट २०२४ मध्ये आली. चार लिटरचे दोन टर्बोंचे व्ही८, तीन विद्युत मोटारी, एकूण ९२० अश्वशक्ती आणि ड्राय वेट १६९० किलो. आधीच्या हुराकान इव्होचे ड्राय वेट १४२२ किलो होते, म्हणजे ओझे २६८ किलोने वाढले आहे. या घराण्याची सवय अशी: गॅलार्डोतून २००७ मध्ये १०० किलो गेले, तिच्याच एलपी५६०-४ मधून २०१० मध्ये ७०, हुराकानमधून २०१७ च्या परफॉर्मान्तेत ४०, आणि २०२० च्या एसटीओत परफॉर्मान्तेच्या तुलनेत आणखी ४३, तेही पुढच्या चाकांना ताकद पुरवणारी यंत्रणा काढून टाकून. टेमेरारिओला कंपनीने वजन घटवणारे ‘अलेजेरिता’ पॅकेज सुरुवातीलाच देऊ केले असल्याने सोपे किलो तिथेच विकले गेले आहेत. या सगळ्यावरून माझा अंदाज असा की विशेष आवृत्ती २०२७ किंवा २०२८ मध्ये येईल, घट ५० ते ८० किलोंच्या दरम्यान असेल आणि ताकद ९५० च्या आसपास जाईल. पुढच्या दोन विद्युत मोटारी काढून एसटीओसारखी केवळ मागच्या चाकांवर चालणारी गाडी केली, तरच घट शंभरापार जाईल. ती शक्यता मी चारात एक धरतो. टेमेरारिओची जीटी३ शर्यतीची गाडी हायब्रिडविना आली आहे, पण शर्यतीच्या गाडीला रस्त्यावरचे उत्सर्जनाचे नियम लागू नसतात, म्हणून तिला पुरावा मानू नये.

अंदाज तारखेसह लिहून ठेवावा, नेमका एक आकडा न देता खालची आणि वरची मर्यादा द्यावी, आणि कोणती बातमी आल्यास तो बदलेल हेही शेजारी नोंदवावे.

गाडी भारतात येईल का, हा प्रश्न शेवटी घ्यावा, कारण त्याचे उत्तर वजनात नसून स्टिअरिंगच्या बाजूत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर सर्वसाधारणपणे चालवता येत नाही, म्हणून ब्रिटन, जपान आणि ऑस्ट्रेलियासाठी उजव्या स्टिअरिंगची आवृत्ती जाहीर होते का, याकडे आधी लक्ष ठेवावे. ती झाली, तर समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा पाळत जाताना ती दिसण्याची थोडीफार शक्यता राहते. जालना सोडून गावाकडच्या रस्त्याला वळल्यावर काळ्या मातीने उचललेल्या डांबरावर तिचा पुढचा कार्बनचा ओठ किती दिवस टिकेल, याचा अंदाज बांधायला मात्र कोणत्याही माहितीपत्रकाची गरज नाही.