पोलर सायन्सच्या चॅरिटीला पैसे देताय? आधी ती चालवतंय कोण ते असं बघा

अंटार्क्टिका किंवा आर्क्टिकच्या रिसर्चला मदत करणाऱ्या चॅरिटीची वेबसाइट उघडली की पहिला फोटो काय असणार हे जवळजवळ ठरलेलं असतं, लाल जाड जॅकेट, दाढीवर गोठलेला बर्फ, मागं पांढरंशुभ्र मैदान. आपण तिथंच अर्धे गार होतो आणि पैसे द्यायला निघतो. द्यायला हरकत काहीच नाही, पण तो फोटोतला माणूस बऱ्याचदा पैशाचा निर्णय घेणारा नसतोच, आणि जे निर्णय घेतात त्यांचे फोटो कधी कधी नसतातच. तर ती माणसं शोधायची कशी आणि शोधल्यावर त्यांच्यात बघायचं काय, ते सांगतो. पैसे देणाऱ्यांना उपयोगी आहेच, पण अशा चॅरिटीकडे ग्रँट मागणाऱ्या पीएचडीवाल्यांना तर जास्तच.

आधी कोण कोण असतं ते क्लिअर करून घ्या. पेट्रन, प्रेसिडेंट, अँबॅसेडर ही मंडळी शोभेची असतात, राजघराण्यातलं कोणी, एखादा नावाजलेला एक्सप्लोरर, टीव्हीवरचा चेहरा. त्यांच्यामुळं दारं उघडतात, पैसा येतो, पण सही त्यांची नसते. ब्रिटनमध्ये कायद्यानं जबाबदार असतात ते ट्रस्टी (सगळे मिळून बोर्ड), आणि ते साधारणपणे बिनपगारी असतात, खर्च मिळतो तेवढाच. त्यांच्यातला एक चेअर, एक ट्रेझरर. पगारी असतो तो सीईओ किंवा डायरेक्टर, तो रोजचं काम बघतो आणि ट्रस्टींना उत्तर देतो (निदान द्यायला हवं). चौथा गट सायंटिफिक कमिटीचा, कोणाचं प्रपोजल चांगलं ते हे सांगतात. छोट्या चॅरिटीत हे सगळं पाच-सहा माणसांतच उरकलेलं असतं, तीच माणसं ट्रस्टी, तीच परीक्षक, आणि खरी गंमत तिथं आहे, त्यावर पुढं येतोच.

आता शोधायचं कसं. चॅरिटी इंग्लंड किंवा वेल्समधली असेल तर चॅरिटी कमिशनच्या (तिथला सरकारी रेग्युलेटर) ऑनलाइन रजिस्टरवर तिचा नंबर टाका, नंबर वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. स्कॉटलंडचा रेग्युलेटर वेगळा आहे, तिथलं रजिस्टर वेगळं बघायचं. पान उघडलं की गव्हर्नन्स, ट्रस्टी, हिशोब असे भाग दिसतात. ट्रस्टींच्या भागात नाव, चेअर असेल तर तसा उल्लेख, नेमणुकीची तारीख, आणि सगळ्यात कामाचा कॉलम म्हणजे हा माणूस आणखी कुठल्या कुठल्या चॅरिटीचा ट्रस्टी आहे. त्यापुढं त्या दुसऱ्या चॅरिटीचे रिपोर्ट वेळेवर आहेत की थकलेत तेही दिसतं. म्हणजे समजा एका माणसाच्या नावापुढं चार चॅरिटी आहेत आणि त्यातल्या दोनचे रिपोर्ट थकलेत, तर तुमच्या चॅरिटीला तो किती वेळ देत असेल याचा अंदाज कोणाला न विचारता येतो.

तिथंच हिशोब कधी आले तेही बघा. आर्थिक वर्ष संपल्यापासून १० महिन्यांत द्यायचे असतात. एखाद्या वर्षी उशीर झाला तर समजू शकतो, पण दरवर्षीच उशीर होत असेल तर ट्रेझरर नावापुरता आहे असं खुशाल समजा. अगदी छोट्या चॅरिटींना हिशोब रजिस्टरवर टाकायची सक्ती नसते, पण कोणीही मागितले तर द्यावे लागतात, म्हणून लाजू नका, मेल करा.

रजिस्टरवर फक्त आत्ताचे ट्रस्टी दिसतात, सोडून गेलेले दिसत नाहीत, ही त्याची खोट. पण बऱ्याच चॅरिटी कंपनी म्हणूनही नोंदलेल्या असतात, मग कंपनीज हाउसवर (ब्रिटनमधलं कंपन्यांचं सरकारी रजिस्टर) तेच लोक डायरेक्टर म्हणून सापडतात, आणि तिथं कोण कधी आलं, कोणी कधी राजीनामा दिला ते सगळं तारखेसकट असतं. एकाच महिन्यात तीन राजीनामे दिसले की तिथं काहीतरी शिजलं होतं हे नक्की, चांगलं की वाईट ते त्यावरून कळणार नाही, पण विचारायला मुद्दा मिळतो. दुसऱ्या टोकाला, पंधरा-वीस वर्षं तेच नाव हलतच नाही, हेही बघा. ब्रिटनच्या चॅरिटी गव्हर्नन्स कोडच्या २०१७ च्या आवृत्तीत ९ वर्षांनंतर परत नेमायचं असेल तर नीट तपासून नेमा असं म्हटलंय. सक्ती नाही, पण का नेमलं ते सांगता आलं पाहिजे.

अमेरिकन चॅरिटी असेल तर काम आणखी सोपं, फॉर्म ९९०, म्हणजे चॅरिटी दरवर्षी टॅक्स खात्याला भरून देते तो फॉर्म, पब्लिक असतो. सगळा वाचत बसू नका, डोकं दुखेल. भाग ६ मध्ये बोर्डावर मत देणारे किती, त्यातले स्वतंत्र किती, कोणाचं कोणाशी घरचं किंवा धंद्याचं नातं आहे का आणि कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्टची (निर्णयात स्वतःचे हितसंबंध आड येण्याची) पॉलिसी लेखी आहे का, हे विचारलेलं असतं. भाग ७ मध्ये बोर्डावरच्या प्रत्येकाचं नाव, आठवड्याला सरासरी किती तास आणि किती पगार. तासांच्या रकान्यात चेअरसमोर "१" दिसला की दचकू नका, बिनपगारी लोकांचं तसंच असतं. पण पगारी डायरेक्टर आणि बोर्डावरचा कोणी एकाच आडनावाचे दिसले तर शेड्यूल एल उघडा, आतल्या माणसांशी झालेले व्यवहार तिथं लिहावे लागतात. ब्रिटिश हिशोबात हेच शेवटच्या पानांवर "संबंधित पक्षांशी व्यवहार" अशा नावाच्या टिपेत सापडतं. ६०,००० पौंडांच्या वर पगार असलेले किती जण आहेत तेही १०-१० हजारांच्या टप्प्यात तिथं द्यावं लागतं, नावं नसतात, पण छोट्या ऑफिसात कोण ते कळतंच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. पोलर सायन्सची दुनिया फारच छोटी आहे. ग्लेशियरवाले, पेंग्विनवाले, आइस कोअरवाले (बर्फात खोल ड्रिल करून नमुने काढणारे) सगळे एकमेकांना ओळखतात, एकाच जहाजावर गेलेले असतात, एकाच स्टेशनच्या मेसमध्ये जेवलेले असतात, एक दुसऱ्याचा गाइड तरी असतो नाहीतर पेपरमधला सहलेखक. त्यामुळं ग्रँट देणाऱ्या बोर्डावरच्या माणसाचा विद्यार्थी ग्रँट मागतोय हे होणारच, ते टाळायचं म्हटलं तर विषय कळणारा माणूसच बोर्डावर उरणार नाही. म्हणून "तुमच्याकडे कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे का" हा प्रश्न फुकट आहे, आहेच. विचारायचं ते असं, की ओळखीच्या माणसाचं प्रपोजल आलं की तुम्ही काय करता, खोलीबाहेर जाता की नुसतं गप्प बसता, आणि ते मिनिट्समध्ये (मीटिंगच्या नोंदीत) लिहिलं जातं का. आतापर्यंत असं किती वेळा झालं हेही विचारा. "कधीच नाही" असं उत्तर आलं तर मला तरी ते काळजीचं वाटतं, कारण या क्षेत्रात "कधीच नाही" म्हणजे कोणी नोंदच ठेवत नाही.

पैसा येतो कुठून हेही माणसांइतकंच बघा, कारण त्यावरून बोर्डावर कोण बसतं ते ठरतं. ब्रिटिश एक्सप्लोरर व्हिव्हियन फुक्सच्या मोहिमेनं १९५७-५८ मध्ये ९९ दिवसांत अंटार्क्टिका आरपार पार केली, तिचे उरलेले पैसे होते त्यातून ट्रान्स-अंटार्क्टिक असोसिएशन उभी राहिली आणि ती आजतागायत लहान लहान ग्रँट देते. अंटार्क्टिक सायन्स लिमिटेडचं तंत्र वेगळं, तिच्या नावाचं जर्नल केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस छापतं आणि त्यातून मिळणाऱ्या पैशातून तरुण शास्त्रज्ञांना बर्सरी (छोटी आर्थिक मदत) मिळते. अशा संस्थांत बोर्डावर शास्त्रज्ञ जास्त असणार हे ओघानं आलं. याउलट जी चॅरिटी लोकांच्या देणग्यांवर चालते तिथं फंडरेझिंगवाले, कंपन्यांतले लोक जास्त दिसतात. दोन्ही चालतं, फक्त पहिल्या प्रकारात हिशोब कळणारा एक तरी आहे का ते बघा आणि दुसऱ्यात सायन्स कळणारा.

माझं विचाराल तर बोर्डावर तिसरा एक माणूस असलाच पाहिजे, ज्यानं स्वतः फील्ड सीझन काढलाय आणि लॉजिस्टिक्स सांभाळलंय. कारण दक्षिणेत जहाजं जातात साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च, सामान त्याच्या कितीतरी महिने आधी निघतं, समुद्रातला बर्फ हटला नाही तर जहाज पोचतच नाही आणि खर्च मात्र झालेला असतो. ब्रिटनमधून जाणाऱ्या मोहिमेला १९९४ च्या अंटार्क्टिक ॲक्टखाली परमिट लागतं, पर्यावरणावर काय परिणाम होईल ते माद्रिद प्रोटोकॉलप्रमाणे (अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपायचा आंतरराष्ट्रीय करार) आधी लिहून द्यावं लागतं. हे माहीत नसलेलं बोर्ड मार्चमध्ये ग्रँट मंजूर करतं आणि "यंदाच्याच सीझनला जा" म्हणतं, मग पोरगं वर्षभर पैसे हातात घेऊन बसतं. ज्याला हे माहीत आहे तो आधीच विचारतो, बाई, तुमचे सॅम्पल कोणाच्या जहाजावरून परत येणार आणि फ्रीझर कोण देणार? मीटिंगमध्ये हा एक प्रश्न आला की अर्धी प्रपोजलं आपोआप सरळ होतात.

फील्डमध्ये माणसं सुरक्षित राहतात का हेही बोर्डाचंच काम आहे. अमेरिकेच्या अंटार्क्टिक प्रोग्राममधल्या लैंगिक छळाबद्दलचा रिपोर्ट २०२२ मध्ये बाहेर आला तेव्हापासून कोणालाही "आमच्याकडे असं काही नसतं" म्हणून हात झटकता येत नाहीत. बर्फात अडकलेल्या तंबूतून तक्रार कोणाकडे करायची, त्या माणसाचा सॅटेलाइट फोन नंबर टीमकडे असतो का, आणि तक्रार टीम लीडरविरुद्धच असेल तर? यासाठी नेमून दिलेला एखादा ट्रस्टी आहे का ते विचारा.

फाउंडर अजून खुर्चीत असेल तर थोडं जास्त बघा. फाउंडर वाईट म्हणून नव्हे, पोलर जगात तर एका झपाटलेल्या माणसाशिवाय काही उभंच राहत नाही. बेल्जियमचं इंटरनॅशनल पोलर फाउंडेशन घ्या, २००२ मध्ये एक्सप्लोरर आलँ ह्यूबेर यांनी आंद्रे बेर्जे आणि हुगो डेक्लेर या दोन शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन काढलं, आणि २००९ मध्ये वारा आणि उन्हावर चालणारं प्रिन्सेस एलिझाबेथ स्टेशन अंटार्क्टिकात सुरू करून दाखवलं. एक्सप्लोरर अधिक दोन शास्त्रज्ञ, जोडी चांगलीच जमली होती. पण स्टेशनमध्ये बेल्जियम सरकारचाही पैसा आणि मालकी होती, पुढं ते चालवायचं कोणी यावरून सरकार आणि फाउंडेशनचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं, २०१७ मध्ये कुठं तोडगा निघाला. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही. आपण एवढंच बघायचं की चॅरिटीच्या नावावर जहाज, स्टेशन, ड्रिल असं काही मोठं असेल तर ते कागदोपत्री कोणाचं आहे, आणि भांडण झालं तर चालवणाऱ्याला बदलायचा अधिकार कोणाकडे आहे.

एवढं बघून झालं की सेक्रेटरीला एक छोटा मेल टाका. लांबलचक प्रश्नपत्रिका पाठवू नका, बिनपगारी लोक असतात, वैतागतील. तीनच विचारा: ग्रँट कोण ठरवतं, ओळखीचं प्रपोजल आल्यावर काय करता, आणि मागच्या वर्षी ज्यांना पैसे दिले त्यांचं काम कुठं वाचायला मिळेल. उत्तर यायला दोन आठवडे लागले तरी चालेल, कोणीतरी खरंच फील्डवर असू शकतं. पण उत्तरात नुसते पेंग्विनचे फोटो आणि "तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार" आलं तर पुढची चॅरिटी बघा.

आणि पटलंच, तर देताना एक करा. पैसे कशासाठी ते लेखी लिहून द्या, उदाहरणार्थ "तरुण शास्त्रज्ञांच्या फील्डवर्कसाठीच". ब्रिटनमध्ये असा पैसा चॅरिटीनं घेतला की तो रिस्ट्रिक्टेड फंडात जातो, ऑफिसच्या भाड्याला वापरता येत नाही. मग पुढच्या वर्षीचे हिशोब आले की रिस्ट्रिक्टेड फंडांच्या टिपेत बघायचं, किती आले, किती गेले आणि किती नुसतेच पडून आहेत.