आधी क्लब, मग गाडी: सेव्हनवाल्यांत यायचं असेल तर

मी इंग्लंडात लीड्सजवळ राहतो आणि माझ्याकडे कॅटरहॅम सेव्हन आहे, म्हणजे दोन सीटची हलकी स्पोर्ट्स गाडी, स्वतः गॅरेजमधे बांधलेली. इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी विचारतं, अरे मलाही घ्यायचीये, कुठून सुरुवात करू. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगतो, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, गाडी नंतर घ्या, क्लबात आधी जा. मी उलटं केलं होतं, आधी किटची, म्हणजे सुट्या भागांच्या संचाची, ऑर्डर दिली आणि मग लोक शोधले, आणि त्यात माझे सहा महिने आणि बरेच पैसे वाया गेले कारण काय घ्यायचं हेच कळत नव्हतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५७ साली लोटसच्या कॉलिन चॅपमनने सेव्हन काढली, दोन सीट, पाइपांची चॅसी म्हणजे सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, बाकी काही नाही. तेव्हा इंग्लंडात तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा पण सुट्या भागांच्या किटवर नाही, म्हणून लोक किट घेऊन घरी बांधायचे. १९७३ला व्हॅट आला आणि तो फायदा गेला, पण बांधायची हौस काही गेली नाही. त्याच साली लोटसने ही गाडी सोडली आणि ग्रॅहम नर्न यांच्या कॅटरहॅमने हक्क घेतले, आजही तीच गाडी बनते आणि आजही किटमधे मिळते. वजनाचा अंदाज हवा असेल तर आपली जुनी मारुती ८०० आठवा, ती साधारण साडेसहाशे किलोची, आणि सेव्हन १७० आहे ४४० किलोची, तिला सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. एवढ्या हलक्या गाडीला ताकद कमी लागते, ब्रेक कमी लागतात, टायरही कमी झिजतात, सगळी मजा त्या वजनातच आहे. वेस्टफील्ड वगैरे त्याच घराण्यातल्या बाकीच्या गाड्यांनाही हे सगळं बऱ्यापैकी लागू आहे.

आता क्लब. इथे लोटस सेव्हन क्लब आहे, लोटस आणि कॅटरहॅम दोन्हीवाल्यांचा, आणि त्याचे एरियाप्रमाणे गट आहेत. आमचा गट महिन्यातून एकदा संध्याकाळी एका पबमधे जमतो, त्याला नॅटर म्हणतात, म्हणजे आपल्या कट्ट्यासारखंच. आणि सगळे मिळून गाड्या काढून फिरायला जातात त्याला ब्लॅट म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सारखे कानावर पडतील. गाडी नसली तरी नॅटरला खुशाल जा, कुणी वाकडं बघत नाही, उलट गाडी नसलेला माणूस दिसला की सगळे आपापली गाडी दाखवायला ओढून नेतात.

पहिल्या नॅटरला जाताना तळव्याला अरुंद असलेले बूट घाला, हे मी मुद्दाम सांगतोय. सेव्हनमधे पेडलांची जागा इतकी चिंचोळी आहे की रुंद बुटांनी ब्रेक दाबला तर शेजारचं पेडलही दबतं. कुणाला तरी विचारून गाडीत बसून बघा आणि एका गाडीत बसून थांबू नका, तीनचार गाड्यांत बसा. उंच किंवा अंगाने भरलेले असाल तर रुंद चॅसीची एसव्ही येते तीत बसा, शिवाय खाली उतरवलेला फ्लोअर मिळतो तोही बघा. बसताना आणि उतरताना बाजूने जाणाऱ्या एक्झॉस्टला पोटरी लावू नका, गाडी नुकतीच चालून आलेली असेल तर चर्रकन भाजतं, क्लबातल्या निम्म्या लोकांच्या पायावर तो डाग आहे.

आणि विचारायला लाजू नका. नवी किट की जुनी तयार गाडी, हूड म्हणजे वरचं कापडी छप्पर कितपत उपयोगाचं, बायको-मुलांचं काय, वर्षाला खर्च किती, सगळं विचारा. माझं मत विचाराल तर हाताला पान्यांची सवय असेल तर किट घ्या, नसेल आणि घरात लहान मूल असेल तर आधी कुणीतरी प्रेमाने सांभाळलेली जुनी घ्या. अशा गाड्या बऱ्याचदा क्लबातल्या क्लबातच विकल्या जातात आणि तिचा मालक तुम्हाला नट-बोल्टापर्यंत इतिहास सांगतो.

किट घेतलीत तर. सिंगल गॅरेज पुरतं पण त्यात दुसरं काही नको, सायकली, जुने सोफे सगळं हलवा. वेळ शंभरेक तास धरा, म्हणजे नोकरी सांभाळून शनिवार-रविवार केलं तर तीनचार महिने. घर पहावं बांधून म्हणतात तसं गाडीही बांधूनच बघावी, कारण बांधलेली गाडी बिघडली तर तुम्हाला आवाजावरून कळतं कुठे काय झालंय. चांगला टॉर्क रेंच घ्या, म्हणजे नट किती जोराने आवळलाय ते दाखवणारा पाना, त्यात काटकसर नको. आवळलेल्या प्रत्येक नटावर पेंटच्या पेनाने एक रेघ ओढा, नट आणि चॅसी दोन्हीवर एकसलग, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ही सवय मला क्लबातूनच लागली.

सगळ्यात किचकट काम डिफरन्शियल बसवायचं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी पेटी. वस्तू जड, जागा कमी, आणि ती चॅसीत बरोबर मधोमध यावी म्हणून दोन्ही बाजूंना पातळ वॉशर घालायचे असतात, आणि ते वॉशर घालायची जागा अशी की दोन बोटंही धड जात नाहीत. मी एकट्याने एक अख्खा रविवार घालवला, वॉशर पडतोय, परत शोधतोय, परत लावतोय, बोल्ट निम्मा आत गेला की दुसऱ्या बाजूचा वॉशर निसटतोय. शेवटी गटावर मेसेज टाकला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्तरीतले एक सभासद आले, मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणतो. त्यांनी पिशवीतून लाकडाचा एक ठोकळा आणि ग्रीसचा डबा काढला. ठोकळा जॅकवर ठेवून डिफ त्यावर टेकवलं म्हणजे भार हातावर राहिला नाही, आणि वॉशर एकमेकांना ग्रीसने चिकटवून त्यांची एकच जाड चकती केली, ती जागेवर सरकवली आणि वरचा लांब बोल्ट हळूहळू फिरवत आत घातला. पाऊण तासात काम झालं. चहा घेतला, पोहे खाल्ले, ठोकळा माझ्याकडेच ठेवून गेले आणि म्हणाले पुढच्याला दे. तो ठोकळा आतापर्यंत तीन गॅरेजमधे फिरून आलाय.

म्हणून जड कामं एकट्याने करू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून एकत्र उतरवायचं असतं, तेव्हा क्रेनवर एक, पुढे एक, आणि आत वाकून गिअरबॉक्सचं शेपूट दोन सीटांमधल्या बोगद्यात सरकवणारा एक, तीन माणसं लागतातच. इंजिन उतरवायची क्रेन विकत घेऊ नका, कुणाकडे तरी असतेच, मागा.

बांधताना रोज फोटो काढा. हा शौकाचा भाग नाही, तुम्हीच गाडी बांधली हे सरकारला दाखवावं लागतं. घरी बांधलेल्या गाडीची इथे आयव्हीए नावाची तपासणी होते, डीव्हीएसए या गाड्या तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या सेंटरवर, आणि ती पास झाल्यावरच डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं खातं, नंबर देतं. सगळे भाग नवे असतील, फार तर एखादा नव्यासारखा करून घेतलेला असेल, आणि सगळ्याच्या पावत्या असतील तर चालू वर्षाचा नंबर मिळतो, नाहीतर क्यू प्लेट येते, म्हणजे क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर, आणि ती आली की विकताना भाव पडतो. त्यामुळे किटच्या पहिल्या खोक्यापासून प्रत्येक पावती एका फाइलमधे लावा.

आयव्हीएत लोक नापास होतात ते मोठ्या गोष्टींवर नाही, बारीकसारीकवर. बाहेरच्या बाजूला धारदार कडा राहिली, आरसा नीट नाही, हेडलाइट वर मारतोय, स्टिअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येत नाहीये. कडांना रबरी ट्रिम लावतात, उघड्या नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या घालतात. जायच्या आठवडाभर आधी क्लबातल्या अशा माणसाला बोलवा ज्याची गाडी गेल्या वर्ष-दोन वर्षांत पास झालीय आणि त्याला सगळ्या गाडीवरून नुसता हात फिरवायला सांगा. माझ्या गाडीत त्याला डॅशबोर्डखाली एक कडा सापडली जी मी शंभर वेळा बघूनही मला दिसली नव्हती. गाडी ट्रेलरवर न्या, ट्रेलरही क्लबात मिळतो.

आपल्याकडे हे करता येईल का असं भारतातले मित्र विचारतात. एकेका हौशी माणसाने घरी बांधलेल्या गाडीसाठी आपल्याकडे अशी सोपी वाट नाही, तयार गाडीत बदल करायचे तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कधीतरी आयव्हीएसारखं काही आपल्याकडेही यावं असं मला मनापासून वाटतं, कोल्हापूरच्या वर्कशॉपांमधे असले हात कमी नाहीत.

इन्शुरन्स स्पेशालिस्टकडूनच घ्या, ठरलेल्या किमतीचा (म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेली) आणि वर्षाला कमी मैल चालवायच्या बोलीचा, क्लबचं कार्ड दाखवलं की बऱ्याच ठिकाणी सूट मिळते.

आता ब्लॅट. पहिल्या ब्लॅटला टाकी फुल करून जा, या गाड्यांची टाकी लहान असते आणि तुमच्या एकट्यामुळे बारा गाड्या पंपावर थांबायला नकोत. ऑइल गरम झाल्याशिवाय इंजिन ओढू नका. टायरमधे हवा नेहमीच्या गाडीसारखी ३०-३२ भरू नका, एवढ्या हलक्या गाडीला रस्त्यावर १८ पीएसआयच्या आसपास लागते, जास्त भरली तर गाडी रस्त्यावर उड्या मारते. एबीएस नाही, एअरबॅग नाही, पाऊस पडला आणि टायर गार असले की मागचं चाक क्षणात सरकतं, तेव्हा पाय हलका ठेवा आणि पुढच्याशी बरोबरी करायला जाऊ नका.

रांगेत चालवायचा एकच नियम आहे, मागच्याला सोडायचं नाही. वळण किंवा चौक आला की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, ती दिसली की निघायचं. दिंडीत जसं आपण चालताना मागचा कुठवर आलाय ते बघतो ना तसंच. नवीन माणसाला मधे ठेवतात, पुढे रस्ता माहीत असलेला आणि शेवटी हत्यारं घेऊन अनुभवी कुणीतरी. गावातून जाताना सगळे एकदम हळू जातात, आवाज दाबून, कारण एकाने गावात गाडी बोंबलवत नेली तर पुढच्या वेळी सगळ्या क्लबाला त्या गावात तोंड दाखवता येत नाही. समोरून दुसरी सेव्हन आली तर हात करा, अनोळखी असली तरी.

शेवटच्या गाडीत हत्यारं का असतात ते मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकलो. यॉर्कशायर डेल्समधे हॉजवरून थ्वेटकडे बटरटब्ज पासच्या चढावर होतो आम्ही, खाली सगळी दरी हिरवीगार, आणि मला गोडसर वास आला. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, वास तसाच असतो. तापमानाचा काटा बघितला तर वर चाललेला. कडेला घेऊन बंद केली, बोनेट काढलं तर रेडिएटरच्या पाइपावरची क्लिप ढिली, बांधताना मीच ती पूर्ण आवळली नव्हती आणि त्यावर रेघही ओढली नव्हती. पाच मिनिटांत पुढच्या गाड्या वळून परत आल्या. मी टोपण उघडायला हात पुढे केला तर मागच्याने मनगटच धरलं, थांब, गरम असताना उघडलंस तर चेहरा भाजेल. अर्धा-पाऊण तास आम्ही गवतात बसलो, मग एकाने तंबाखूच्या जुन्या डबीतून नवी क्लिप काढली, एकाने पाण्याचा कॅन दिला, आणि सगळे बरोबरच पुढे निघालो. तेव्हापासून माझ्या डिकीत कायम असतं ते सांगतो: दोन-तीन मापांच्या क्लिपा, प्लॅस्टिकचे केबल टाय, चिकटपट्टी, फ्यूज, टॉर्च, १३ आणि १७चा पाना, दोन लिटर पाणी. त्यातलं निम्मं आजवर दुसऱ्यांच्याच गाड्यांना लागलंय.

ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायच्या दिवसाला, पहिल्याच वर्षी जायची घाई नको, पण गेलात तर जरूर क्लबाच्या दिवशी जा, कारण सगळ्या गाड्या सारख्याच हलक्या असतात आणि मागून दीड टनाची गाडी येत नाही. आवाजाची मर्यादा प्रत्येक ट्रॅकची वेगळी असते, बुक करायच्या आधी विचारा, तिथे मोजतात आणि जास्त निघाला तर परत पाठवतात. रस्त्याचा इन्शुरन्स तिथे चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. चाकांचे नट सकाळी आणि पहिल्या फेरीनंतर परत तपासा. पहिल्यांदा क्लबातल्या अनुभवी माणसाला शेजारी बसवा आणि तो सांगेल तिथेच ब्रेक मारा.

हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते अ‍ॅल्युमिनियमला आणि चॅसीच्या पेंटला खातं. मिठाच्या रस्त्यावर नेलीच तर घरी आल्याआल्या खालून पाणी मारून धुवा, साबणापेक्षा भरपूर पाणी महत्त्वाचं. बरेच जण नोव्हेंबर ते मार्च सॉर्न करून, म्हणजे गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून, गाडी आत ठेवतात. बॅटरी लहान असते, इमोबिलायझर (चोरी टाळणारं यंत्र) एकटाच तिला महिन्याभरात संपवतो, म्हणून बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर चार्जर लावून ठेवा. नॅटर मात्र हिवाळ्यातही चालूच असतात, लोक आपल्या साध्या गाड्यांनी येतात. नवीन माणसाने यायला तेच दिवस सगळ्यात चांगले, कारण बाहेर बघायला गाड्या नसल्या तरी गप्पांना वेळ असतो आणि पुढच्या वसंतात कुणाच्या गॅरेजमधे काय बांधायला घेतलंय ते तिथेच कळतं. ज्याची किट येणार असेल त्याला सांगून ठेवा की इंजिन उतरवशील त्या दिवशी मला बोलव.