कीटोस्टेरॉइड आयसोमरेजचं सक्रिय स्थळ कसं शोधाल

सुरुवात जिवाणूंमधल्या कीटोस्टेरॉइड आयसोमरेजपासून करा; हे स्टेरॉइडमधला दुहेरी बंध जागेवरून हलवणारं एन्झाइम, आणि सक्रिय स्थळ म्हणजे त्यातली अभिक्रिया घडते ती जागा. याची मोजणी सगळ्यात सोपी. ५-अँड्रोस्टीन-३,१७-डायोनचं ४-अँड्रोस्टीन-३,१७-डायोन झालं की २४८ नॅनोमीटरवर शोषण चढतं. सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं ते संयुग, इथे ५-अँड्रोस्टीन-३,१७-डायोन) मेथॅनॉलमध्ये विरघळवा, पण क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) मेथॅनॉल ३ टक्क्यांच्या आसपासच ठेवा आणि सगळ्या नमुन्यांत तेवढंच. सब्स्ट्रेट जास्त झालं की द्रावण गढूळ होतं आणि वेग खोटा दिसतो. एन्झाइमविना कोरी मोजणी हवीच, कारण हे संयुग आपणहूनही हळूहळू बदलतं.

मग एन्झाइमच्या साखळीतलं एकेक अमिनो आम्ल बदला. स्यूडोमोनास प्युटिडाच्या एन्झाइममध्ये १६व्या जागेवरच्या टायरोसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलनिन, ४०व्या जागेवरच्या अ‍ॅस्पार्टेटऐवजी अ‍ॅस्पॅरजिन. वेग घटला एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. प्रथिनाची घडीच बिघडली नाही ना, ते वर्तुळी द्विवर्णतेने (वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून घडी दाखवणाऱ्या मोजणीने) तपासा. केकॅट (एका एन्झाइम रेणूचा कमाल वेग) पडला आणि केएम (निम्मा कमाल वेग गाठायला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) जवळपास तेवढाच राहिला, तर ते आम्ल बहुधा रासायनिक पायरीत गुंतलेलं आहे.

खरी फसगत पुढे आहे. ४० वरचा बदल वेग हजारो पटींनी पाडतो, म्हणून शुद्धीकरणाच्या स्तंभाला आधीपासून चिकटलेलं किंचित मूळ, न बदललेलं एन्झाइमही तुमचा आकडा ठरवतं. प्रत्येक म्युटंटला (बदललेल्या एन्झाइमला) स्तंभात कोरं रेझिन, म्हणजे भरण्याचा नवा पदार्थ, वापरा. अ‍ॅस्पॅरजिनचं डीअ‍ॅमिडेशन (अमाइड गट निघून जाणं) होऊन अ‍ॅस्पार्टेट परत येतं, तेव्हा नमुना ताजा हवा.