आयरिशमध्ये घाबरताय? या चुका टाळा

भीतीला आयरिशमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या भाषेत, 'अग्ला' म्हणतात. स्पेलिंग ई-ए-जी-एल-ए. नवशिके पहिल्याच वाक्यात आपटतात: 'ता मे अग्ला'. म्हणायचं असतं 'मी घाबरलोय', निघतं 'मी भीती आहे', तेही मोडकंतोडकं. आयरिशमध्ये भीती माणसावर असते: 'ता अग्ला ऑरम', म्हणजे माझ्यावर भीती आहे. मराठी माणूस 'मला भीती वाटते'च्या सवयीने 'ला'चा अर्थ देणारं 'दम' लावतो. तेही चूकच. भूक, तहान, लाज, सर्दी, सगळं 'वर'च बसतं. त्यामुळे 'ऑरम, ऑर्त' (माझ्यावर, तुझ्यावर) यांपासून सुरू होणारी सातही रूपं आधी तोंडपाठ करा. ॲपवर टिचक्या मारून ती येत नाहीत.

कशाची भीती, हे सांगायला 'रिव्ह' लागतं. मूळ अर्थ 'आधी, समोर'. कुत्र्याची भीती: 'ता अग्ला ऑरम रिव्ह अन मादरा'. पुढे सर्वनाम सुटं ठेवू नका. 'त्याची' असेल तर 'रिव्हे', 'त्यांची' असेल तर 'रोम्पू'.

सगळ्यात महाग चूक गोंदवणाऱ्यांची. 'निर्भय' हवं असतं. 'गन' म्हणजे विना, एवढं कुठूनतरी कळलेलं असतं. मग भीतीचा इंग्रजी शब्द शब्दकोशात टाकला की एफ-ई-ए-आर हीच अक्षरं आयरिश रकान्यातही सापडतात. घाईत तीच उचलली जातात. आयरिशमध्ये त्यांचा उच्चार 'फॅर' आणि अर्थ पुरुष. दंडावर कायमचं कोरलं जातं: 'पुरुषाविना'. बरोबर आहे 'गन अग्ला'. शब्द सापडला की तो उलट दिशेनेही शोधायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण धीर कोणाला?

'अग्ला' स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे 'अन'नंतर (इंग्रजी 'द'सारखा शब्द) त् जोडू नका. ती सवय स्कॉटिश गेलिक या बहीणभाषेतून येते, तिथला भाऊबंद शब्द पुल्लिंगी आहे. षष्ठीत मात्र आधी ह् येतो: 'एर अग्ला ना हग्ला', शब्दशः 'भीतीच्या भीतीने', म्हणजे 'असू दे, न जाणो'. हसून घ्या, पण ह् गाळू नका.

चर्चसाठीचा 'अग्लिश' पाहून 'देवाचं भय' अशी व्युत्पत्ती सांगणारे भेटतात. तो शब्द लॅटिन 'एक्लेसिया'वरून आला. 'अग्ला'च्या मुळाशी 'गल', म्हणजे शौर्य आहे. ते नसलेला तो भित्रा, त्यावरून भीती. जुन्या लिखाणात ग् ध्वनीसाठी सी हे अक्षर दिसतं, तिथे 'क' वाचू नका.

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनमारात 'फातीस' ऐकू आलं तर दुरुस्त करायला जाऊ नका. तिथे भीतीला तेच म्हणतात.