क्वाडचा टायर बदललाय? मग स्प्रॉकेटचे दात पण मोजा

मागच्या पावसाळ्यानंतर एका मित्राने त्याच्या यामाहा रॅप्टर 700 ला (स्पोर्ट क्वाड, म्हणजे चार चाकांची ऑफ-रोड बाईक) मागं 20 इंची काढून 22 इंची टायर टाकले, दिसायला गाडी एकदम नाद खुळा, आणि दोनच दिवसात फोन, "भावा, गाडी ओढतच न्हाई रं, चढाला क्लचचा वास येतोय." इंजिनात काही बिघाड नव्हता. टायर मोठा झाला आणि गिअरिंग तेवढंच राहिलं, एवढीच गोष्ट होती. टायर आणि स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातांचं चाक) हा एकच विषय आहे, एकाला हात लावला की दुसऱ्याचा हिशोब करावाच लागतोय.

हिशोब अगदी सोपा आहे. मागच्या स्प्रॉकेटचे दात भागिले पुढच्याचे दात. समजा तुमच्याकडं पुढं 14 मागं 38 आहे तर 38 भागिले 14, म्हणजे 2.71. हा आकडा म्हणजे रेशो, तो वाढला की पिकअप वाढतो आणि टॉप स्पीड कमी होतो, कमी झाला की उलटं. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणजे काही न बदलता गाडी टॉपच्या बाजूला सरकते आणि खालचा दम जातो. कंपनीच्या कागदावर किंवा नेटवर दातांचा आकडा शोधत बसू नका, आधीच्या मालकाने काय बसवलंय कुणाला माहीत, सरळ खडूने एका दातावर खूण करा आणि मोजा.

आता टायर. बाजूला 20x10-9 असं लिहिलेलं असतंय, म्हणजे उंची 20 इंच, रुंदी 10, रिम 9. पण या लिहिलेल्या उंचीवर हिशोब करू नका, मी कळकळीने सांगतोय, कारण निम्मे लोक इथंच चुकतात. टायर वजनाखाली दबतो आणि प्रत्येक कंपनीचा 22 सारखा नसतो. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये सपाट फरशीवर टायर मोजले, जुने 20 इंची मित्राकडं होतेच. मागच्या टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरली (स्पोर्ट क्वाडला 4-5 पीएसआयच्या आसपासच असते, पंपावरचा मोठा गेज एवढं कमी दाखवतच नाही, लो प्रेशरचा छोटा गेज घ्या), मित्र गाडीवर बसला, टायर जमिनीला टेकतो तिथं टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारली, गाडी न्यूट्रलला ठेवून बरोबर एक फेरा ढकलली आणि टेप लावला. जुना टायर 1540 मिमी, नवीन 1680. कागदावर 10 टक्के फरक पाहिजे होता, प्रत्यक्षात 9 आला.

दोन्ही मागचे टायर वेगवेगळे मोजा हं. स्पोर्ट क्वाडला मागं सलग ॲक्सल असतो, डिफरन्शिअल नाही, दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, त्यामुळे एक टायर उंचीला मोठा निघाला तर गाडी सरळ रस्त्यावर पण एका बाजूला ओढते. थोडा फरक हवा कमीजास्त करून जुळवता येतो, जास्त असेल तर टायर परत करा.

मग जुळवणी. मूळचा पिकअप परत पाहिजे असेल तर जुना रेशो गुणिले टायरचा फरक, म्हणजे 2.71 गुणिले 1.09, आले 2.95. आता दात लावून बघा (पहिला आकडा पुढचा, दुसरा मागचा): 14/41 म्हणजे 2.93, 14/42 म्हणजे 3.00, आणि पुढचं एक दात कमी करून 13/38 म्हणजे 2.92. बघा, पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन दात! म्हणून पुढचं स्प्रॉकेट बदलणं सगळ्यात स्वस्त. 13/38 केलं तर मूळच्यापेक्षा किंचित उंच (टॉपच्या बाजूचं) गिअरिंग राहतं, चालवताना समजत पण नाही.

पण स्वस्त आहे म्हणून पुढं 12 वर जाऊ नका. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, स्विंगआर्मवरची (मागचा ॲक्सल धरणारा, वरखाली हलणारा दांडा) रबर पट्टी घासते आणि चेन लवकर झिजते. जास्त पिकअप पाहिजे असेल तर मागचं मोठं करा. मागच्या मोठ्या स्प्रॉकेटला लोक घाबरतात की दगडाला लागेल. 520 साईजच्या चेनला 38 वरून 42 केलं तर स्प्रॉकेटची खालची कड साधारण 10 मिमी खाली येते, आणि टायर 20 चा 22 झाला तर ॲक्सल कागदावर 25 मिमी वर जातो, म्हणजे मोठ्या टायरसोबत तुम्ही फायद्यातच आहात. 20 इंची टायर ठेवून 42 लावणार असाल तर मात्र गार्ड बसवा.

चालवायचं कुठं त्यावर पण ठरतंय. आमच्याकडं पाणंदीतला काळा चिखल आणि उसाच्या सरीतून जायचं असेल तर 3.00 च्या आसपास बरं पडतं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मरत नाही. पन्हाळ्याच्या बाजूच्या तांबड्या, कडक मातीत लांब सरळ ट्रॅक असेल आणि टॉप गिअरला लिमिटर (इंजिनचे फेरे एका मर्यादेवर अडवणारा) वाजत असेल तर रेशो कमी करा. टॉप गिअर कधी ओढतच नसेल तर वाढवा. टॉप स्पीड बघायला डांबरी रोडवर काढू नका, स्पोर्ट क्वाडला पासिंग नसतंय आणि ते मऊ टायर डांबरावर वळणाला विचित्र वागतात. आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गाडी घालू नका, तिथली फुलं चाकाखाली एकदा गेली की गेली.

बसवताना पुढचा नट चेन काढायच्या आधी ढिला करा, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला लावा, लॉक वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करा नाहीतर नट हलणार नाही. चेन काढल्यावर स्प्रॉकेट फिरत राहतं आणि तुम्ही पाना घेऊन घाम गाळत बसता. जुन्या ताणलेल्या चेनवर नवीन स्प्रॉकेट लावू नका, महिनाभरात दात हुकासारखे वाकडे होतात. मागचं स्प्रॉकेट उद्यमनगरात चांगल्या स्टीलमधून कापून मिळेल पण पुढचं हार्डन केलेलंच घ्या.

चेनची लांबी: मागं चार दात वाढवले तर तीच चेन ठेवून ॲक्सल साधारण 16 मिमी पुढं घ्यावा लागतोय, तेवढं ॲडजस्टमेंट नसेल तर दोन कड्या वाढवा, एक नाही. पुढं एक दात कमी केला तर ॲक्सल 4 मिमीच मागं जातो, बऱ्याच गाड्यांना कॅरिअर (ॲक्सल बसतो तो भाग) फिरवून ते जमतंय. मास्टर लिंकच्या क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला ठेवा. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे लावली की दोघांना मागं बसवून सस्पेन्शन दाबा, ॲक्सल, स्विंगआर्मचा पिव्होट (तो जिथं फिरतो तो बोल्ट) आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत आलं की चेन सगळ्यात ताठ होते, तेव्हा पण थोडी हलली पाहिजे. पहिला अर्धा तास चालवून झाला की चेन परत बघा आणि पुढच्या नटवर पाना लावा.