किशोरवयीन मालिकेतील प्रेमाची जोडी कशी लिहावी

दोन पात्रांचे प्रेम लिहायला घेण्यापूर्वी हे ठरवावे की, घरी, वर्गात किंवा मित्रमंडळीत न मिळणारे असे काय त्या दोघांना एकमेकांकडून मिळते. याचे उत्तर केवळ ‘दोघेही देखणे आहेत’ एवढेच असेल, तर ती जोडी फार काळ तग धरत नाही.

प्रेमाची कबुली शक्य तितकी लांबवावी आणि तोवर कृतीला बोलू द्यावे. ‘डॉसन्स क्रीक’ (१९९८ ते २००३) या अमेरिकी मालिकेत नायिका जोईने काढलेले भित्तिचित्र विद्रूप केले गेल्यानंतर तिचा मित्र पेसी तिच्यासाठी चक्क एक भिंत भाड्याने घेतो. तो प्रेमाचा एक शब्दही उच्चारत नाही, तरीही प्रेक्षकाला सारे उमगते, आणि अखेरीस जोई बालमित्र डॉसनऐवजी पेसीची निवड करते तेव्हा ती निवड पटते.

अडथळा पात्रांच्या स्वभावातूनच यावा. एका फोनने मिटला असता असा गैरसमज दहा भाग ताणणे हा, माझ्या मते, निव्वळ आळस आहे.

कलाकार निवडताना उमेदवारांकडून कॅमेऱ्यासमोर एकत्र प्रसंग वाचून घ्यावा. यालाच ‘केमिस्ट्री रीड’ म्हणतात. त्या वेळी बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ओढ तिथेच दिसते. ती दिसली नाही, तर संवाद कितीही सुंदर असले तरी उमेदवारांची जोडी बदलून पुन्हा वाचन घ्यावे.