अमेरिकेतले बाळंतपण: एफएसए आणि एचएसएचे करमुक्त पैसे कसे वापरावे

एफएसए आणि एचएसए ही पगारातले पैसे करमुक्त बाजूला ठेवून उपचारांवर खर्च करायची खाती; एफएसएचे पैसे सहसा त्याच वर्षी वापरावे लागतात, एचएसएचे साठत राहतात. दोनपैकी कोणते खाते मिळते ते कंपनीच्या एचआरला विचारा. एचएसएसाठी हाय डिडक्टिबल विमा (सुरुवातीचा बराच खर्च स्वतः भरावा लागतो असा) लागतो, आणि नवराबायकोपैकी एकाचे साधे एफएसए चालू असेल तर दुसऱ्याला एचएसएत पैसे भरता येत नाहीत. २०२६ साठी मर्यादा एफएसएला माणशी ३,४०० डॉलर, कुटुंबाच्या एचएसएला ८,७५०. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया एचएसएवर राज्याचा कर लावतात, तो हिशेबात धरा.

खरी मेख तारखेत आहे. एफएसए खर्च कोणत्या वर्षाचा मानते, हे पैसे कधी भरले यावर नाही, उपचार कधी झाले यावर ठरते. प्रसूतितज्ज्ञांचे बिल बहुधा एकत्रित असते: तपासण्या, प्रसूती आणि नंतरची भेट मिळून एकच रक्कम, तीही प्रसूतीच्या तारखेची. तरीही दवाखाने पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनच आगाऊ हप्ते मागतात. ड्यू डेट फेब्रुवारीत आणि हप्ता नोव्हेंबरमध्ये चालू वर्षाच्या एफएसए कार्डावर (खात्याच्या डेबिट कार्डावर), असे करू नका. कार्ड चालते, नंतर कागद मागतात आणि पैसे परत करावे लागतात. ‘डिसेंबरच्या आत कार्डावरचे पैसे संपवून टाका’ हा एरवी मिळणारा सल्ला इथे सरळ चुकीचा आहे. वेगळे बिल होणारी सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या या वर्षाच्या एफएसएतून भरा. मोठी रक्कम ओपन एनरोलमेंटमध्ये (पुढच्या वर्षाचा विमा आणि खाती निवडायच्या मुदतीत) पुढच्या वर्षासाठी निवडा. एफएसएची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी हाताशी असते, त्यामुळे जानेवारीतली प्रसूतीही निभावते.

ड्यू डेट डिसेंबरअखेरीस असेल तर पंचाईत. बाळ आठवडाभर लांबले की बिल पुढच्या वर्षात जाते आणि उरलेले एफएसए बुडते. काही कंपन्या थोडी रक्कम पुढे नेऊ देतात, पण ती मोजकीच. अशा वेळी दोन्ही वर्षांत बेताची रक्कम ठेवावी.

एचएसएत ही कटकट नाही. खर्चाआधी खाते उघडलेले हवे, एवढेच. आज खिशातून भरा, पैसे साठले की कितीही वर्षांनी काढा.

गरोदरपणामुळे एफएसएची रक्कम बदलता येत नाही, बाळाच्या जन्मामुळे येते. बहुतेक कंपन्या त्यासाठी ३० दिवस देतात. त्यातच बाळाला विम्यावर घ्या. वाढीव रक्कम सहसा पुढच्या खर्चालाच लागते, प्रसूतीच्या बिलाला नाही.

ब्रेस्ट पंप आधी विम्यातून मागा. दूध साठवायच्या पिशव्या, स्तनपान सल्लागार, सॅनिटरी पॅड आणि हॉस्पिटलचे पार्किंग खात्यातून चालते. डायपर, फॉर्म्युला, डिंकाच्या लाडवांचे सामान, आईला भारतातून बोलावण्याचे तिकीट: काहीच नाही. बाळंतिणीचे मालीश ठरावीक दुखण्यासाठी डॉक्टरांनी लेखी दिले तरच.

कार्डाची पावती पुरावा नव्हे. विमा कंपनीचे ईओबी (कोणते उपचार कधी झाले आणि तुमच्या वाट्याला किती आले हे सांगणारा कागद) डाउनलोड करून ठेवा. बाळाचे बिल बाळाच्या नावाने वेगळे येते, त्याचे ईओबीही वेगळे.